पिल्लाची जात कोणती, डॉक्टर?

मराठवाड्यातला जाणता शेतकरी बैलबाजारात एखाद्या गोऱ्ह्याच्या अंगावरून नजर फिरवतो, तेव्हा तो एकटा गोऱ्हा पाहत नसतो. त्याची माय, त्याचा बाप आणि तो बाप ज्या गावच्या वळूच्या वंशातला ते गाव, असे सगळे तो त्या कातडीवर वाचत असतो. पशुवैद्यक म्हणून कळमनुरी, औंढा नागनाथ, वसमत अशा ठिकाणी माझी नोकरी झाली. परभणीच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन आलेला मी आणि समोर सहीच्या जागी अंगठा उठवणारा म्हातारा. पण गुरांच्या जातीची परीक्षा त्याने घ्यावी आणि मी द्यावी, असाच तो सामना असे. सर्वांग गडद तांबडे, कुठे डाग नाही, वळू असेल तर आणखी काळसर झाक, म्हणजे लाल कंधारी. देवणीत तर रंगावरून तीन घराणीच पाडलेली. जवळजवळ सर्वांग पांढरे तो बालंक्या, अंग पांढरे पण तोंडाच्या बाजूला काळे तो वानेरा, आणि पांढऱ्यावर काळे डाग विखुरलेले तो शेवरा. गीर आणि डांगी यांचे रक्त इथल्या स्थानिक गुरांत मिसळून देवणी घडली, असे मानतात. म्हणजे तीही मुळात मिश्रच. पण पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी निवडून निवडून तिला आकार दिला, म्हणून तिच्या अंगावरचा रंग म्हणजे एक प्रकारचा सातबारा झाला.

माझ्या उभ्या नोकरीत मांजराची जात मला कोणी विचारली नव्हती. मांजर ही दवाखान्यात आणायची वस्तूच नव्हती. ती यायची, उंदीर खायची, चुलीच्या उबेला झोपायची आणि एक दिवस दिसेनाशी व्हायची. सरकारदरबारीही तिची नोंद नाही. आपल्या पशुगणनेत कुत्रा मोजतात, ससा मोजतात, हत्तीसुद्धा मोजतात. मांजर मोजत नाहीत! गेल्या काही वर्षांत मात्र चित्र बदलले. निवृत्तीनंतर हिंगोलीत घरच्याच ओट्यावर मी संध्याकाळी तासभर बसतो. बुटांच्या खोक्यात, भाजीच्या पिशवीत, शाळेच्या दप्तरातसुद्धा मांजराची पिल्ले घेऊन लोक येतात. जंताचे औषध, लस, डोळ्यांतली घाण हे सगळे नंतर. पहिला प्रश्न ठरलेला, "डॉक्टरसाहेब, हे कोन्या जातीचं हाय?"

आपल्या भाषेत गुरांची जात आणि माणसाची जात यांना एकच शब्द आहे, ही गोष्ट हा प्रश्न ऐकताना दर वेळी माझ्या मनाला टोचते. आडनाव विचारून पाणी द्यायचे की नाही ते ठरवणारा काळ आमच्या पिढीने पाहिला आहे. ते असो. पिल्लू घेऊन आलेल्या लेकराच्या मनात तसले काही नसते. त्याने मोबाईलवर परदेशी मांजरांची चित्रे पाहिलेली असतात आणि आपल्या पिल्लाच्या पाठीवरचे ठिपके त्यातल्या कोणाशी तरी जुळतात, असे त्याला वाटत असते. एकाचे ठिपकेवाले पिल्लू 'बेंगाल', दुसऱ्याचे राखाडी 'रशियन', तिसऱ्याचे केसाळ 'पर्शियन'. बैलाची जात अंगावरून कळते, मग मांजराची का नाही, हा त्यामागचा तर्क. तर्क चुकीचा म्हणता येत नाही. पण बैल आणि बोका यांच्या संसारात जमीनअस्मानाचा फरक आहे.

गाईला कोणता वळू दाखवायचा हे मालक ठरवतो. भाटीचा नवरा कोण, हे ठरवायला कोणी मालक नसतो. माजावर आलेली भाटी रात्री पत्र्यांवरून हाका घालते आणि चार गल्ल्यांतले बोके गोळा होतात. तिच्या शरीरात बीज सुटते तेच मुळी मीलनानंतर. त्यामुळे एकाच वेतात दोन-तीन बापांची पिल्ले असणे ही अगदी सर्वसाधारण गोष्ट आहे. एकाच टोपलीत एक वाघ्या, एक काळे, एक पिवळे आणि एक कबरे पिल्लू पाहून आपण चकित होतो. खरे म्हणजे चकित व्हावे असे त्यात काही नाही.

आता हे रंग काय सांगतात ते पाहू. सगळ्यांत जुना अंगरखा म्हणजे पट्ट्यांचा. कपाळावर इंग्रजी 'एम'सारखी खूण, गालांवर रेघा, बरगड्यांवर माशाच्या काट्यांसारखे उभे पट्टे. जगातल्या सगळ्या घरमांजरांचे पूर्वज पश्चिम आशियातले रानमांजर, हे २००७ साली ९७९ मांजरांच्या जनुकांच्या अभ्यासातून सिद्ध झाले. त्या पूर्वजाच्या अंगावर हेच पट्टे होते. म्हणून पट्टेवाले पिल्लू कोणत्या जातीचे, असे विचारणे म्हणजे दोन डोळे असलेला माणूस कोणत्या घराण्यातला असे विचारण्यासारखे आहे. हे पट्टे जागोजाग तुटले की ठिपके दिसू लागतात. 'बेंगाल' ही जात अमेरिकेत घरमांजर आणि आशियातले ठिपकेदार रानमांजर यांच्या संकरातून निर्माण केलेली. सेनगावच्या गल्लीतल्या ठिपक्यांचा तिच्याशी काही संबंध नाही.

काळे पिल्लू उन्हात धरून पाहा. काळ्यावर काळे असे पुसट पट्टे दिसतील. पट्टे तिथेही आहेत, फक्त त्यांच्यावर शाई सांडली आहे. ती शाई आईबाप दोघांकडून आली तरच उमटते. म्हणून दोन वाघ्या मांजरांच्या पोटी काळे पिल्लू येऊ शकते. अपशकुनी म्हणून अशा पिल्लांना वेशीबाहेर सोडणारे लोक अजूनही आहेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिले.

पिवळ्याची गोष्ट आणखी मजेची. हा रंग एक्स गुणसूत्रावर बसलेला असतो. बोक्याजवळ एक्स एकच, तेव्हा तो एक तर पिवळा किंवा नाही. भाटीजवळ दोन. तिच्या प्रत्येक पेशीत त्यांतला एक झोपी जातो. हा सिद्धांत मेरी लायन या इंग्रज शास्त्रज्ञ बाईंनी १९६१ मध्ये मांडला. त्यामुळे एकीकडे पिवळा ठिगळ, दुसरीकडे काळा, अशी गोधडी तयार होते. कबरी मांजर जवळजवळ नेहमीच भाटी असते ती यामुळे. आमच्या आजीला गुणसूत्र माहीत नव्हते, पण "कबरा बोका कधी पाह्यलास का?" असे ती विचारायची. पिवळ्या रंगामागचा नेमका बदल मात्र शास्त्रज्ञांना अगदी अलीकडे, २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सापडला. जपान आणि अमेरिका अशा दोन ठिकाणी स्वतंत्रपणे, आणि उत्तर एकच आले.

आणि ते जन्मतः पांढरेशुभ्र असणारे, निळ्या डोळ्यांचे पिल्लू? महिनाभरात त्याचे नाक, कान, पंजे, शेपटी काळवंडू लागतात. घरच्यांना वाटते, चुलीत शिरले. त्याचे रंग तयार करणारे रसायन उष्णतेने बिघडते आणि थंडाव्यात चालते. आईच्या पोटात सगळीकडे ऊब, म्हणून पांढरे. बाहेर आल्यावर अंगाचे जे भाग थंड, ते काळे. इथे मात्र अंगावरचा रंग काहीतरी सांगतो. हे जनुक आग्नेय आशियातले, सयामकडचे. आईकडून आणि बापाकडून असे दोन्हीकडून ते आल्याशिवाय हा रंग दिसत नाही. पण किती पिढ्यांपूर्वी आणि कोणत्या वाटेने ते हिंगोलीला पोचले, हे नाकावरचा काळा डाग सांगत नाही.

हे सगळे एकदा मी एका जुन्या वाड्यातल्या आजोबांना समजावून सांगत होतो. त्यांच्या वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या राखाडी मांजरे. आजोबांचा ठाम सिद्धांत असा, की ही मांजरे छावणीतल्या गोऱ्या साहेबांच्या मडमांनी आणलेली. हिंगोलीत निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, हे खरेच आहे. गावच्या जुन्या खाणाखुणांत ती अजून दिसते. "नाहीतर असा उंची रंग आपल्या मांजरात कुठून येणार?" आजोबांचा सवाल! मी म्हणालो, "काका, राखाडी म्हणजे पातळ केलेला काळा. एक जनुक दोन्हीकडून आले की झाले. त्याला मडम लागत नाही." आजोबा नाराज झाले. घराण्याची एक कहाणी मी काढून घेतली, असे त्यांना वाटले असावे.

पण आजोबांची कल्पना मुळातच वेडगळ नव्हती, हेही सांगितले पाहिजे. नील टॉड नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने नेमका हाच माग काढला होता. १९७७ साली त्याने लिहिलेला मांजरे आणि व्यापार यांवरचा लेख प्रसिद्ध आहे. मांजराच्या अंगावर उभ्या पट्ट्यांऐवजी मोठमोठी भोवऱ्यासारखी वळणे असण्याचाही एक प्रकार आहे. इंग्लंडात तो फार. टॉड आणि इतर अभ्यासकांनी गावोगावची मांजरे मोजली, तेव्हा दिसले की इंग्रज जिथे जिथे जाऊन वसले, त्या ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत, भोवरेवाली मांजरेही तिथे जास्त आहेत. जहाजावर उंदरांसाठी मांजर घेत, ती बंदरात उतरे. जुन्या हाडांवरच्या २०१७ मधल्या एका संशोधनाने यात भर घातली, की हा भोवरा मध्ययुगात कधीतरी उगवला आणि अठराव्या शतकात कुठे सर्रास झाला. माझ्या ओट्यावर भोवरेवाले मांजर क्वचितच येते. इथे राज्य उभ्या पट्ट्यांचेच. म्हणजे हजार मांजरे मोजली तर रंग एका गावाचा इतिहास सांगू शकतो. एकट्या पिल्लाला उचलून त्याचा बाप विचाराल, तर तोच रंग गप्प बसतो.

बरे, ज्या थोर जातींशी आपण नाते जोडायला निघतो, त्यांची स्वतःची कुळकथा काय आहे? मांजरांचे पहिले मोठे प्रदर्शन लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भरले ते १८७१ साली. मांजरांच्या बहुतेक 'जाती' त्यानंतरच्या, म्हणजे आपल्या पणजोबांपेक्षा फारशा जुन्या नाहीत. पर्शियन मांजर इराणचे म्हणावे, तर २००८ मध्ये जगभरच्या मांजरांची जनुके तपासली गेली आणि पर्शियनचे नाते निघाले पश्चिम युरोपातल्या मांजरांशी! 'बॉम्बे' नावाची एक काळीभोर जात आहे. तिचा मुंबईशी संबंध एवढाच, की १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या केंटकी राज्यात एका बाईंनी ती तयार केली आणि हिंदुस्थानातल्या काळ्या बिबट्याची आठवण म्हणून हे नाव ठेवले. सगळ्यांवर कडी आहे ती ॲबिसिनियनची. हिच्या अंगावर पट्टे नसतात. प्रत्येक केसावर फिक्या-गडद कड्या असतात, त्यामुळे सशासारखा भुरा रंग दिसतो. नावावरून ती इथिओपियाची. पण हॉलंडमधल्या लायडनच्या संग्रहालयात याच रूपाचे, पेंढा भरलेले एक मांजर आहे. १८३०च्या दशकात ते विकत घेतले गेले आणि त्याच्यावरच्या चिठ्ठीत मूळ देश लिहिला आहे, इंडिया. जनुकांचा पुरावाही हिंदी महासागराच्या किनाऱ्यांकडे बोट दाखवतो.

तेव्हा आपल्याकडचे एखादे भुरे पिल्लू घेऊन "यात ॲबिसिनियनचं रक्त आहे का?" असे कोणी विचारले, की मी म्हणतो, "उलटं विचारा. तिच्यात याचं आहे का?"

इथपर्यंत सगळे गमतीचे. पण पैशाचा प्रश्न आला की गंमत संपते. दोन वर्षांपूर्वी एक तरुण जोडपे आले. मोठ्या शहरातून आठ हजार रुपये देऊन 'पर्शियन क्रॉस' पिल्लू आणले होते. सहा महिने झाले, केस काही वाढेनात. नवरा संतापला होता. "साहेब, फसवलं ना आम्हाला? बाप पर्शियन म्हणून सांगितलं होतं." मी त्याला सांगितले, की लांब केसांचे जनुक आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून यावे लागते. बाप अस्सल पर्शियन असला आणि आई आपली साधी, तर पिल्लांचे केस बहुधा आखूडच होणार. म्हणजे विकणारा खरे बोलला असण्याचीही शक्यता आहे. आणि उलट, दोन साध्या मांजरांत ते जनुक लपून बसले असेल, तर पर्शियनचे तोंडही न पाहिलेल्या घरात केसाळ पिल्लू जन्मेल. बायको ऐकत होती. मांजर तिच्या मांडीवर झोपले होते. नवऱ्याने एवढेच विचारले, "मग आता हे विकलं तर किती येतील?"

ते जोडपे परत आले नाही. मांजर मात्र मला दिसले. मोंढ्यात, हळदीच्या पोत्यांच्या थप्पीवर. डाव्या कानाला मीच औषध लावलेली खाच होती, म्हणून ओळखले. एक हमाल आपल्या डब्यातली भाकरी कुसकरून त्याला घालत होता. मी त्याला काही सांगितले नाही. आठ हजाराचे मांजर आहे हे कळून त्याला काय मिळणार होते?

अंगावरचे पट्टे ओळखणे हा जिवावरचा प्रश्न कधी होतो, ते मी शेतात पाहिले. आपल्याकडे उसाच्या फडात, हळदीच्या रानात, नदीकाठच्या बेटांत खरे रानमांजर राहते. गावातून रानात गेलेले घरमांजर म्हणत नाही मी; ती वेगळीच प्रजाती. मोठे झाल्यावर ते ओळखणे सोपे. उंच पाय, अंगावर जवळजवळ पट्टे नाहीत, मातकट रंग, कानांच्या टोकाला काळ्या केसांचा छोटा झुपका, आणि आखूड शेपटी. घरमांजराची शेपटी ऐसपैस लांब, याची जेमतेम गुडघ्यापर्यंत, टोकाला काळी कडी. पण पिल्ले? त्यांच्या अंगावर पट्टे असतात, अगदी आपल्या वाघ्यासारखे; वाढता वाढता ते पुसले जातात. फसगत होते ती इथे. वाघाटी म्हणतात त्या इवल्याशा ठिपकेदार रानमांजराची पिल्ले तर कोणाला बिबट्याची वाटतात, कोणाला घरातली.

फाल्गुनातली गोष्ट. वसमत तालुक्यात पूर्णेच्या अंगाला एका फडात ऊसतोड चालू होती. टोळीतल्या एका बाईला पाचटात तीन पिल्ले सापडली. शेतमालकाच्या मुलाने मोबाईलवर चित्र जुळवून ती 'ॲबिसिनियन मिक्स' ठरवली होती आणि एक घरी, एक मामाकडे, एक मित्राकडे, अशी वाटणीही झाली होती. मालक शहाणा, त्याने आधी मला बोलावले. मी गेलो तेव्हा अकरा वाजले होते. पिल्ले असतील तीन आठवड्यांची. तिघांच्याही अंगावर पुसट पट्टे. कानांचे झुपके एवढ्या वयात कळत नाहीत. पण एकाच्याही अंगावर पांढरे नव्हते. ना पंजा, ना छाती, ना शेपटीचे टोक. शेपट्या आखूड. आणि जवळच्या वस्तीपासून फड बराच आत. मालकाला म्हणालो, "ही रानातली. संध्याकाळपर्यंत इथंच ठेवायची. आई जवळच असणार."

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानमांजर पाळणे गुन्हा आहे, हे मी सांगितले. पण कायद्यापेक्षा घाई घड्याळाची होती. एवढी पिल्ले आईच्या दुधावाचून फार काळ तग धरत नाहीत, आणि आई दिवसा माणसांपुढे येत नाही. आम्ही १९२६ या क्रमांकावर वनविभागाला कळवले. जुन्नर भागात बिबट्यांची आणि रानमांजरांचीही फडात सापडलेली पिल्ले आईला परत मिळवून देण्याचे काम वनविभाग आणि माणिकडोहच्या केंद्रातली मंडळी कित्येक वर्षे करत आली आहेत. पद्धत साधी आहे. जिथे सापडली तिथेच ठेवायची, माणसांनी लांब जायचे.

साधी खरी, पण त्यासाठी फडाचा तेवढा तुकडा त्या दिवशी उभा ठेवावा लागणार होता. मुकादम बिथरला. गाडी भरायची राहिली, टोळीची मजुरी टनावर, त्याचे म्हणणे काही अगदीच खोटे नव्हते. "मांजरासाठी गाडी अडवता का, साहेब?" मी काही बोलायच्या आत ती पिल्ले सापडलेली बाईच कोयता खाली ठेवून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की मुकादम. माझं बी लेकरू कोपीवर झोपवून आलेय मी." मुकादम गप्प बसला. टोळी दुसऱ्या टोकाला वळली.

दिवस कलताना फळांच्या क्रेटमध्ये पाचट घालून पिल्ले होत्या जागी ठेवली. वनविभागाचे दोघे आणि मी बांधापलीकडे, वाऱ्याच्या उलट बाजूला. रात्री काही दिसले नाही. एकदोनदा उसात सळसळ झाली, एवढेच. पहाटे जाऊन पाहिले तर क्रेट रिकामा. मालकाचा मुलगा म्हणाला, "कोल्ह्यानं नेले असतील." शंका रास्त होती. पण चारीच्या ओल्या मातीत पावले उमटली होती. गोल, घरच्या मांजरापेक्षा मोठी, आणि नखांच्या खुणा नसलेली. कोल्ह्याची नखे मातीत दिसतात. मांजर चालताना ती आत ओढून घेते. पावले दोनदा गेली होती आणि दोनदा आली होती, नदीकडे. पोराने मोबाईल काढून त्या पावलांचे चित्र घेतले.

पंधरा दिवसांनी त्याच पोराचा फोन. शेजारच्या शिवारात हळद काढताना दोन पिल्ले सापडली होती. या वेळी त्याने काहीही वाटणी केलेली नव्हती. उलट क्रेट आणून तयार ठेवला होता आणि हळद काढणाऱ्या बायांना लांब बसवले होते. मी पिल्ले उचलून पाहिली. वाघ्या पट्टे, मागच्यांसारखेच. फक्त एकाच्या पुढच्या पायाची दोन बोटे पांढरी, जणू चुन्यात बुडवलेली. रानातल्या मांजरात असे पांढरे सहसा येत नाही. माणसाच्या सोबतीला आलेल्या जनावरांत ते येते, मग तो बैल असो, कुत्रा असो की मांजर. शेपट्याही लांब. वस्तीवर चौकशी केली तर एका आजीबाईंची भाटी चार दिवसांपासून खायला येऊन लगेच पळत होती. आजीबाई स्वतःच पदरात पिल्ले घालून घेऊन गेल्या, मागोमाग भाटी ओरडत.

त्यांचा बाप कोण, हे मात्र ती दोन पांढरी बोटे सांगत नाहीत. वस्तीवरचा बोका असेल. नदीकडचाही असू शकेल. घरमांजर आणि रानमांजर यांचा संकर क्वचित होतो. आता जनुकांची तपासणी करून मिळते. तिच्यातही बहुतेक वेळा जातीपेक्षा मुलूख कळतो, की हे मांजर युरोपकडचे की आपल्याकडचे. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते मातीवरून आणि मुलखावरून. मांजराचेही काहीसे तसेच दिसते.

लस द्यायला आजीबाई महिन्याने दोन्ही पिल्ले घेऊन माझ्या ओट्यावर आल्या, सोबत तो मुलगा. मी जुन्या सवयीने कागद पुढे ओढला. मालकाचे नाव, वय, लिंग. 'रंग' या रकान्यात दोन ओळी भरल्या. 'जात' या रकान्यात लिहिले, गावठी. मुलगा वाकून वाचत होता. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, नुसतं गावठी कामून? गावाचं नाव बी लिवा की." मी लिहिले.